टायर बदलले की ॲव्हरेज का पडतं, आणि सिझनप्रमाणे हवा कशी सांभाळायची

भाच्यानं गेल्या दिवाळीला सेकंड हँड हॅचबॅक घेतली. गाडी परभणीचीच, मालक एकच, इंजिन चोख, फक्त टायर पार गुळगुळीत झालेले. महिनाभरात पठ्ठ्यानं चारी टायर नवे टाकले आणि पंधरा दिवसांनी मला फोन, "मामा, नव्या टायरनं ॲव्हरेज खाल्लं की. आधी अठरा द्यायची, आता सतरावर आली. दुकानदारानं फसवलं का काय?"

मी त्याला चार गोष्टी विचारल्या. हवा कधी भरली? "दुपारी, पंपावर." किती भरली? "तिथल्या पोरानं मारली तेवढी." साईज तोच टाकला का? "एक नंबर रुंद टाकला, गाडी भरलेली दिसती." आणि ॲव्हरेज काढलं कसं? "समोर स्क्रीनवर येतंय ना." म्हणलं बाबा, दुकानदाराला शिव्या नंतर दे, आधी या चार उत्तरांचा हिशोब लाव. ते फोनवर सांगता सांगता तास गेला, आणि नंतर वाटलं की पहिली गाडी घेतलेल्या सगळ्यांचेच हे प्रश्न असतात, म्हणून एकदाच लिहून काढतो.

आधी एक गैरसमज काढू: आपल्याकडं सिझनचे टायर नसतात

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. त्याच्याकडं गाडीला दोन सेट, एक उन्हाळी एक हिवाळी, आणि तिकडं साधा नियम सांगतात की ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. कारण काय, तर पारा साधारण सात डिग्रीच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, नक्षी खोल असते, त्यात बारीक बारीक चिरा असतात, आणि बाजूला डोंगरात बर्फाचा कण असं चिन्ह असतं. पण मऊ रबर आणि खोल नक्षी म्हणजे टायर जास्त दबतो, म्हणून पेट्रोल उलीसं जास्त लागतं, आणि तोच टायर उन्हाळ्यात ठेवला तर खोडरबरासारखा झिजतो. ते लोक हे सगळं मान्य करून वापरतात कारण बर्फात जीव महत्त्वाचा, ॲव्हरेज नाही.

आता आपलं बघा. परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात, पण ते पहाटेचं असतं हो, अकरा वाजता स्वेटर काढून डिकीत टाकावा लागतो. म्हणून इथं कुणी हिवाळी टायर घ्यायला सांगत असेल तर हसून सोडून द्या. आपल्याकडं टायर तोच राहतो, सिझनप्रमाणे बदलते ती आतली हवा, आणि ती आपोआप बदलते, आपल्याला न विचारता. सगळा खेळ तिथंच आहे.

टायर पेट्रोल पितो म्हणजे नेमकं काय

गाडी चालू असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, पुढं गेला की परत फुगतो, पुन्हा दबतो. या दाबण्या-सुटण्यात रबर गरम होतं. ती गरमी कुठून आली? तुमच्या टाकीतून. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, आणि कार जेवढं पेट्रोल जाळते त्यातला साधारण पाचवा भाग यावर जातो. हवा कमी असली की टायर जास्त पसरतो, जास्त दबतो, जास्त गरम होतो. अर्धी हवा गेलेल्या सायकलवर डबल सीट बसवून चढ चढला असाल तर पुढचं समजावून सांगायची गरज नाही.

पण किती फरक पडतो हे खरं खरं सांगतो, कारण याबाबतीत लोक लई फेकतात. चारी टायरमध्ये एक पॉइंट, म्हणजे एक पीएसआय हवा कमी असली तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के पडतं. पाच पॉइंट कमी म्हणजे एक टक्का. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालली, अठराचं ॲव्हरेज धरलं, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर महिन्याचा खर्च ५,८०० च्या आसपास, त्यातला एक टक्का म्हणजे साठेक रुपये. पाच-सहा चहा. मग एवढा आटापिटा कशाला? कारण कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी झिजतो आणि हॅचबॅकचा सेटसुद्धा आज वीसेक हजाराला पडतो, आणि दुसरं कारण म्हणजे उन्हाळा, त्याचं पुढं सांगतो.

पहिलं काम: स्टिकर शोधा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, खांबावर खाली एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं. काही गाड्यांना ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. त्यावर पुढच्या टायरला किती, मागच्या टायरला किती, माणसं कमी असताना किती, भरलेली गाडी असताना किती, असं सगळं दिलेलं असतं. तो तुमच्या गाडीचा आकडा. मित्राच्या गाडीचा नाही, पंपावरच्या पोराच्या मनातला नाही. पंपावर "किती मारू?" असं विचारलं की नवीन माणूस गडबडतो आणि "तीस-पस्तीस मार" म्हणतो, तीस आणि पस्तीस यात किती अंतर आहे हे त्याला माहीत नसतं. स्टिकरवर आकडा बारमध्ये असेल तर साडेचौदानं गुणा, २.३ बार म्हणजे ३३ पीएसआय.

टायरच्या बाजूवर पण एक प्रेशर छापलेलं असतं, मॅक्स म्हणून. ते टायर जास्तीत जास्त किती सोसू शकतो त्याचं आहे, तुम्ही भरायचं नाही. ही चूक मी स्वतः पहिल्या गाडीला केली होती, सहा महिने गाडी बैलगाडीसारखी उडायची आणि मी शॉकअपला दोष देत बसलो.

दुसरं काम: स्वतःचा गेज, आणि सकाळची वेळ

हवा थंड टायरमध्ये मोजायची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, उन्हात नाही, आणि दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही. गाडी वीस-तीस किलोमीटर चालली की आतली हवा तापून प्रेशर चार-पाच पॉइंटनं वर जातं. भाच्याच्या स्टिकरवर ३३, पण पोरानं ते दुपारी, तापलेल्या टायरमध्ये मारले. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात २८-२९ च होते. त्याला वाटतंय हवा बरोबर आहे, आणि गाडी रोज पाच पॉइंट कमीवर चाललीय.

म्हणून दोन-चारशे रुपयांचा, हवा मोजायचा गेज घेऊन डॅशबोर्डच्या खणात टाका. पंपावरचा गेज दिवसातून पन्नास वेळा फरशीवर आपटतो, एकाच टायरला दोन पंपांवर तीन-चार पॉइंटचा फरक मी स्वतः पाह्यलाय. घरी सकाळी मोजा, आकडे मोबाईलमध्ये लिहा: पुढचा डावा २९, पुढचा उजवा ३०, असे. मग पंपावर जा. तिथं पोचेपर्यंत टायर थोडा तापणारच, तेव्हा तिथल्या काट्याकडं बघून "एवढे करून दे" म्हणू नका, घरी मोजताना जेवढे कमी निघाले होते तेवढेच वाढवायला सांगा. मोजताना लोक वॉलचं, म्हणजे हवा भरायच्या तोंडाचं, टोपण हरवून बसतात, ते खिशात ठेवा, कारण त्या टोपणाशिवाय आपल्याकडची धूळ आत जाते आणि वॉल हळूहळू गळायला लागतो. पंक्चरवाले मामा बोटाला थुंकी लावून वॉलवर ठेवतात ते उगाच नाही, गळत असलं तर बारीक बुडबुडा येतो. घरी साबणाचं पाणी वापरा.

हे किती दिवसांनी? महिन्यातून दोनदा. टायर चांगला असला तरी महिन्याला एक-दोन पॉइंट आपोआप कमी होतात.

नायट्रोजनचं पण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, बास. फुकट मिळाला तर घ्या, चाकाला पन्नास रुपये मागत असतील तर साधी हवा भरा आणि वेळेवर मोजा.

तिसरं काम: सिझन ओळखा

हिशोब सोपा आहे. साधारण सहा डिग्री तापमान बदललं की एक पॉइंट प्रेशर बदलतं. गरमीत वाढतं, थंडीत उतरतं.

थंडी. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी पंचवीस डिग्रीला ३३ भरले आणि मग हात लावला नाही. डिसेंबरात पहाटे आठ-दहा डिग्री. म्हणजे सतरा डिग्रीचा फरक, म्हणजे जवळजवळ तीन पॉइंट थंडीनं खाल्ले, वर दोन महिन्यांचं नेहमीचं गळणं दोन-तीन पॉइंट. दिवाळीला ३३ असलेला टायर नाताळाला २७-२८ वर येतो आणि कुठं पंक्चर नाही की काही नाही. दिवाळीनंतर एकदा आणि मकरसंक्रांतीच्या आसपास एकदा, एवढं तरी मोजायला चुकू नका. थंडीत ॲव्हरेज आणखी एका कारणानं पडतं, ते म्हणजे इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, आणि रोज दोन किलोमीटरवर शाळेत पोरगं सोडून परत येणारी गाडी कधी गरमच होत नाही. त्याचा दोष टायरला देऊ नका.

उन्हाळा. इथं जरा थांबतो, कारण इथंच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. "उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटतो, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा." हे मी वीस वर्षं ऐकतोय आणि एकदा ऐकलं पण.

मे महिना, लग्नाची तिथी, संभाजीनगरहून बीडला निघालो होतो. पाच माणसं, डिकीत आहेराची भांडी, एसी फुल. निघताना एका ओळखीच्या माणसानं, नाव घेत नाही, ३३ च्या जागी २६ करून दिले, "दुपारचं जायचंय, नाहीतर फटका बसेल" म्हणून. पाचोड सोडलं आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. आधी वाटलं रस्त्याचा उतार. मग रबर जळाल्याचा वास. बाजूला घेऊन उतरलो तर पुढच्या डाव्या टायरला हात लावता येईना, आणि बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. बेचाळीस डिग्रीत डांबरावर जॅक लावून स्टेपनी चढवली, बायको रुखवताच्या ताटानं माझ्यावर सावली धरून उभी. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नसतो, तो टाकूनच द्यावा लागला.

घडलं काय होतं? कमी हवेमुळं टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकत होती, वर पाच माणसांचं वजन, खालून तापलेला रस्ता. वाकण्याची गरमी आणि रस्त्याची गरमी एकत्र. टायर फुटतो तो बहुतेक वेळा जास्त हवेनं नाही, कमी हवेनं तापून. कंपनीनं स्टिकरवर आकडा दिला तेव्हा चालताना प्रेशर वाढणार हे धरूनच दिलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात पण तोच आकडा, सकाळी, थंड टायरला. भरलेली गाडी असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा. आणि वाटेत चहाला थांबलात, मोजलं, ३८ दिसले, तर घाबरून हवा सोडू नका. हीच चूक सगळ्यात जास्त होते, सोडलेली हवा संध्याकाळी टायर थंड झाला की कमी पडते.

समृद्धीवर जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच. जालन्याहून चढलं की सिमेंटचा सरळ रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि तासन् तास एकाच वेगात टायर थंड व्हायला फुरसत नाही. चढायच्या आधी हवा बघा, टायरला चिरा, फुगा, कट आहे का बघा. आणि ॲव्हरेजचंच म्हणाल तर ९० ऐवजी १२० नं गाडी चालवली की हवेचा विरोध इतका वाढतो की टायरच्या हवेचा साठ रुपयांचा हिशोब त्यापुढं काहीच नाही. समृद्धीवर ॲव्हरेज पडलं म्हणून टायर बदलणारा माणूस मी पाह्यलाय, तो मस्त १२० नं जायचा.

पाऊस. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर टायर पाणी ढकलत चालतो, वर पाण्यानं टायर थंड राहतो आणि थंड रबर जास्त विरोध करतं, म्हणून ॲव्हरेज उलीसं कमी येणारच, ते मान्य करा. पावसाळ्यात बघायची गोष्ट म्हणजे नक्षी. टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय किंवा बाणाची खूण असते तिथून सरळ वर बघा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानं टायर संपला. पण माझं मत विचाराल तर पावसाळ्यासाठी तीन मिलिमीटर खाली गेलं की बदला. आगपेटीच्या काडीवर पट्टी धरून तीन मिलिमीटरला पेननं रेघ मारा, खाचेत उभी धरा, रेघ बाहेर दिसली की मृगाच्या आधी टायर बघायला लागा. गुळगुळीत टायर ॲव्हरेज चांगलं देतो हे खरं आहे, नक्षी कमी म्हणजे दबायला रबर कमी, पण पाण्यावर तो तरंगतो, स्टिअरिंग हातात राहतं आणि गाडी नाही.

आणि आपली काळी माती. रानात गाडी नेली, चिखल बसला, वरून बाहेरून धुतली, चकाचक. दोन दिवसांनी सत्तर-ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. लोक लगेच बॅलन्सिंगला जातात. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या पोटात हात घालून बघा, मूठभर माती वाळून दगडागत चिकटलेली असते, आणि ती एकाच बाजूला असते. लाकडी काडीनं खरवडून, पाण्याचा जोर मारून काढा, निम्म्या वेळा थरथर तिथंच संपते. लोखंडी सळई घालू नका, रिमवर लावलेली बॅलन्सिंगची शिशाची पट्टी निघून येईल आणि मग खरंच खर्च करावा लागेल.

बाभळीचा काटा टायरमध्ये दिसला आणि ट्यूबलेस टायर असेल तर तो रस्त्यात उपटू नका. काटा स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो. हवा मोजा, हळू चालवत दुकानापर्यंत जा.

चौथं काम: अलायमेंट

यावर जास्त लिहीत नाही. खड्ड्यात जोरात आदळली, किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय, किंवा टायर एकाच कडेनं झिजतोय, तर अलायमेंट करा. वाकडं चाक म्हणजे टायर फिरतोय कमी आणि घासतोय जास्त, पेट्रोल पण जातं आणि टायर पण. नाहीतर आठ-दहा हजार किलोमीटरला एकदा, आणि त्याच वेळी पुढचे टायर मागं, मागचे पुढं.

नवीन टायर घेताना

टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम किती इंची, ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो आणि एच म्हणजे २१० च्या वेगापर्यंत चालतो. शेवटचे दोन कंपनीनं दिले त्यापेक्षा कमीचे घेऊ नका. आणि डीओटीच्या पुढं शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल नवीन म्हणून घेऊ नका, "सगळीकडं हाच स्टॉक आहे" म्हणाले तर दुसरीकडं जा.

आता भाच्याचा रुंद टायर. त्यानं १८५/६५ आर १५ काढून १९५/६५ आर १५ टाकला. हिशोब करा: जुन्याचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या थोडा वर, नव्याचा ६३४ च्या वर. म्हणजे दोन टक्के मोठं चाक. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते पण मीटरला ते कळत नाही, ते फेरे मोजतं. खरे १०० किलोमीटर झाले की मीटर ९८ दाखवतं. आणि आधी काय होतं? पार झिजलेला टायर, त्याच साईजच्या नव्यापेक्षा बारा-तेरा मिलिमीटर लहान व्यासाचा, म्हणून मीटर दोन टक्के जास्त दाखवायचं. आधी दोन टक्के जास्त, आता दोन टक्के कमी. तर जे "अठरा" होतं ते मुळात साडेसतराच्या उलीसं वर, आणि जे "सतरा" आलंय ते साडेसतराच्या उलीसं खाली. एक किलोमीटर पडलं म्हणून ओरडत होता, त्यातलं पाऊण मीटरनंच खाल्लं होतं. राहिलेलं पाव नव्या नक्षीनं, रुंद रबरानं आणि पाच पॉइंट कमी हवेनं.

म्हणून कंपनीचा साईज सोडू नका. रुंद टायर दिसायला भारी, पण जड असतो, आणि दिसण्याचे पैसे तुम्ही प्रत्येक टाकीला भरता.

बोलेरो, थार, स्कॉर्पिओवाल्यांचं वेगळं. ते मोठ्या नक्षीचे एटी (ऑल टेरेन) किंवा चिखलाचे मड टायर टाकतात. शेत आत असेल, पावसाळ्यात रोज चिखलातून जायचं असेल तर टाका, ॲव्हरेजचा विचार करू नका. पण शेतात जाणं पोळ्यापुरतं आणि बाकीचं वर्ष लातूर-नांदेड डांबरावर असेल, तर बारा महिने ते जड, आवाज करणारं रबर ओढत बसायचं कामून? आणि खरं सांगू का, आपल्या काळ्या मातीत नक्षी दोन फेऱ्यांत भरून टायर पुन्हा गुळगुळीत गोळा होतो, तिथं शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. ज्यांना खरंच दोन्ही लागतं त्यांनी जुन्या रिमचा एक जादा सेट घेऊन पावसाळ्यापुरते ते चढवावेत, मराठवाड्यात सिझनचा टायर म्हणायचाच असेल तर हाच.

ॲव्हरेजचा टायर हवा असेल तर दुकानात "लो रोलिंग रेझिस्टन्स" आहे का विचारा. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडं नव्या डिझाईनच्या टायरला रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांची मर्यादा लागू झालीय, आणि फ्रीज-एसीवर असतं तसं बीईईचं स्टार लेबल आता टायरलाही मिळतं, सगळ्यांवर नसतं. पण निस्ते स्टार बघून घेऊ नका, ओल्या रस्त्यावर कसा थांबतो ते पण विचारा.

ॲव्हरेज काढायची रीत

स्क्रीनवरचा आकडा अंदाजाचा असतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथं थांबवा, राउंड फिगरसाठी वरून पेट्रोल ओतू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य. तीन-चारशे किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनला, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. टायर नवे टाकले असतील तर एकदा मोबाईलच्या मॅपवर पन्नासेक किलोमीटर मोजून मीटरशी जुळवा, किती टक्के फरक येतो तो लिहून ठेवा आणि तेवढा हिशोबात धरा. नवे टायर पहिले काहीशे किलोमीटर रुळायला घेतात, त्या दिवसांतल्या आकड्यावर भांडण करू नका.

तुलना सारख्याला सारखी करा. मेमध्ये एसी लावून काढलेलं आणि जानेवारीत काच उघडी ठेवून काढलेलं ॲव्हरेज शेजारी ठेवून काही कळत नाही. मागच्या वर्षीच्या जानेवारीशी यंदाचा जानेवारी लावा. आणि ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, विसरू नका, इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते, त्यामुळं जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज तिकडूनही थोडं गेलंय. आपलाच ऊस आपल्याच टाकीत, बोलायचं कुणाला.

भाच्यानं मग सकाळी हवा मोजली, २८ होती. ३३ केली, टाकी टू टाकी काढलं, मॅपशी जुळवलं. साडेसतराच्या जरासं वर आलं. आता म्हणतो गाडी हलकी पळती. हवेचा भाग किती आणि मनाचा किती, मला माहिती आहे, पण बोललो नाही.

फक्त एवढं विचारलं, चारीत भरली ना, मग पाचव्यात? गप्प झाला. डिकीतलं सामान काढून, गालिचा उचलून स्टेपनीला गेज लावला तर ११. जुन्या मालकानं बहुतेक शोरूममधून आणल्यापासून तिला हात लावला नसावा. स्टेपनीत स्टिकरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्तच ठेवा, ती बसून बसून उतरते, आणि ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी जवळ पंप नसतो.